आयकराचे विवरणपत्र कोणाच्या हाती द्यावे?

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाच्या व्यासपीठावर मी यापूर्वी दोनदा उभी राहिले आहे. एकदा उन्हाळी वाळवणांविषयी बोलले आणि एकदा जुन्या लुगड्यांच्या गोधड्यांविषयी. यंदा चिटणीसबाई घरी आल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही आयकरावर बोला." मला हसूच आले. माझे शिक्षण सातवीपर्यंत. ब्लाऊज शिवण्याचा थोडाफार उद्योग सोडला तर मी चारचौघींसारखी घर सांभाळणारी बाई. पण त्यांचे म्हणणे असे पडले की, जाणत्या माणसांनी सांगितलेला कायदा ऐकताना आपण माना डोलावतो आणि घरी गेल्यावर त्यातले काही आठवत नाही. तेव्हा या कामापायी तुम्ही जी दारे हिंडलात, तेवढेच आम्हाला सांगा. म्हणून मी उभी आहे. कायदा शिकविणे हे माझे काम नव्हे. आपले विवरणपत्र, ज्याला सगळे 'रिटर्न' म्हणतात, ते कोणाकडून भरून घ्यावे, एवढाच माझा विषय.

काही भगिनींच्या मनात येईल, हा विषय पुरुषांचा. आपल्याला काय त्याचे? परंतु जरा विचार करा. आपल्यापैकी बहुतेकींच्या नावाने पॅन कार्ड आहे. कोणाच्या नावावर ठेवी आहेत, कोणी डबे देते, कोणी शिकवण्या घेते, कोणाला माहेरच्या घराचा वाटा आला आहे. घराच्या कर्जावर यजमानांबरोबर आपले नाव असते आणि त्यासाठी आपल्या नावाची विवरणपत्रेही भरलेली असतात. ती आपण पाहिली आहेत का? ती कोणी भरली, त्यात काय लिहिले, हे ठाऊक आहे का? आणि देव करो नि कोणावर तशी वेळ न येवो, पण यजमान गेल्यावर त्या वर्षाचे त्यांचे विवरणपत्रसुद्धा वारस म्हणून आपल्यालाच भरावे लागते. कपाटातली ती फाईल त्या दिवशी पहिल्यांदा उघडण्यापेक्षा आज उघडलेली बरी.

आता विवरणपत्र म्हणजे काय ते थोडक्यात सांगते. वर्षभरात आपल्याला काय मिळाले, त्यातून कायद्याने कोणत्या वजावटी मिळतात, कर किती झाला आणि किती आधीच कापला गेला, याचा सरकारला दिलेला हिशेब म्हणजे विवरणपत्र. कर जास्त कापला गेला असेल तर तो परत मिळतो; त्याला परतावा म्हणतात. पगारदार आणि निवृत्त माणसांची तारीख साधारणपणे ३१ जुलै असते. कधी सरकार ती वाढविते. २०२५ साली ती १६ सप्टेंबरपर्यंत वाढविली होती. १९६१ चा आयकर कायदा जाऊन त्याच्या जागी २०२५ चा नवा कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू झाला. मात्र २०२५-२६ या वर्षाच्या उत्पन्नाचा हिशेब जुन्याच कायद्याप्रमाणे द्यायचा आहे.

आणखी एक गैरसमज दूर करते. नव्या करपद्धतीत २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंतच्या नेहमीच्या उत्पन्नावर कर लागत नाही, हे आपण ऐकले आहे. त्यावरून 'आता विवरणपत्राचे कामच संपले' असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. त्या पद्धतीत उत्पन्न ४ लाखांच्या वर गेले की, कर शून्य निघाला तरी हिशेब द्यावाच लागतो. कापलेला कर परत हवा असेल तर त्यालाही दुसरा मार्ग नाही.

भगिनींनो, या विवरणपत्रासोबत कागद जोडायचे नसतात, ही गोष्ट नीट ध्यानात घ्या. पावत्या आपल्याजवळ ठेवायच्या आणि मागितल्या तर दाखवायच्या. सरकारने लोकांवर विश्वास टाकून ही सोय केली. पण याच सोयीचा फायदा घेऊन काही मंडळींनी धंदा मांडला, आणि त्याची झळ आपल्या आळीलाही लागली. म्हणून ती हकिगत सांगते. नावे सांगत नाही.

आपल्या ओळखीच्याच एका वहिनी आहेत. त्यांचे यजमान कारखान्यात नोकरीला. कारखान्याच्या फाटकाशी दर जुलैत एक गृहस्थ येत. कामगारांचे फॉर्म १६ घेत, पॅन आणि आधारचे क्रमांक लिहून घेत. "तुमचा कापलेला कर मी परत मिळवून देतो. मिळाला तर त्यातला पाचवा हिस्सा माझा, नाही मिळाला तर एक पैसाही देऊ नका," असे त्यांचे बोलणे. कोणाला गोड वाटणार नाही? जुलै २०२४ मध्ये वहिनींच्या यजमानांनीही कागद दिले. पुढे खात्यात परतावा जमा झाला. त्यात ३१,२०० रुपये कारखान्याच्या हिशेबापेक्षा जास्तीचे होते. त्याचा पाचवा हिस्सा, म्हणजे ६,२४० रुपये, त्या गृहस्थांनी नेले. उरलेल्या पैशांतून वहिनींनी मुलाच्या क्लासची फी भरली.

पुढच्या वर्षी कारखान्यातल्या चार-पाच जणांना आयकर खात्याचे निरोप आले की, तुम्ही घेतलेल्या वजावटी पडताळून पाहा. वहिनींच्या यजमानांना मात्र काहीच आले नाही, म्हणून ते निर्धास्त होते. वहिनींना ते पटेना. त्या माझ्याकडे आल्या आणि आम्ही दोघी एका कर सल्लागारांकडे गेलो. त्यांनी संगणकावर विवरणपत्र उघडून वाचून दाखविले. एका राजकीय पक्षाला १ लाख रुपये देणगी आणि आजारपणाच्या विम्याचे व उपचाराचे मिळून ५० हजार, असे त्यात लिहिले होते. वहिनी म्हणाल्या, "अहो, आमची देणगी म्हणजे गणपतीची वर्गणी. आणि विमा तर आमच्याकडे नाहीच!" निरोप का आला नाही, तेही कळले. विवरणपत्रावर ई-मेलचा पत्ता त्या गृहस्थांनी स्वतःच तयार केलेला होता. निरोप तिकडे जात होते आणि तिकडे वाचणारे कोणी नव्हते. आमच्याकडे म्हण आहे ना, आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते, तसा सगळा प्रकार.

खात्याची चौकशी सुरू होण्यापूर्वी चूक आपणहून सुधारण्याची सोय कायद्यात आहे. तिला अद्ययावत विवरणपत्र म्हणतात. ते त्यांनी भरले. ३१,२०० रुपये परत गेले, त्यावर व्याज गेले, आणि कर व व्याज यांच्या बेरजेवर २५ टक्के जादा कर गेला. उशीर झाला असता तर हा जादा कर ५० टक्के, पुढे ६० आणि ७० टक्क्यांपर्यंत चढला असता. चौकशी लागून खोटी माहिती दिल्याचे ठरले असते, तर चुकविलेल्या कराच्या दुप्पट दंड बसण्याची तरतूद होती. वहिनींनी दोन बांगड्या गहाण ठेवून ती रक्कम भरली. टक्केवारी नेणारे गृहस्थ त्या वर्षी फाटकाशी दिसले नाहीत. खात्याने जाब मात्र यजमानांना विचारला असता, कारण विवरणपत्र यजमानांच्या नावाचे आणि त्यावरील संमतीही यजमानांचीच.

हे आपल्याच आळीत घडले असे समजू नका. १४ जुलै २०२५ रोजी आयकर खात्याने देशभरात १५० ठिकाणी अशा खोट्या वजावटींची तपासणी सुरू केली. त्यात आपला महाराष्ट्रही होता. त्याआधीच्या चार महिन्यांत सुमारे ४० हजार करदात्यांनी आपली विवरणपत्रे सुधारून १,०४५ कोटी रुपयांचे खोटे दावे मागे घेतल्याचे सरकारने त्या वेळी जाहीर केले. टक्केवारीवर परतावा मिळवून देणारे मध्यस्थ, आणि त्यांनी केवळ त्याच कामापुरते उघडून सोडून दिलेले ई-मेल पत्ते, या दोन्ही गोष्टींचा त्या निवेदनात उल्लेख होता. वहिनींच्या घरी जे झाले, ते हजारो घरी झाले होते.

म्हणून आता मूळ विषयाकडे वळते. विवरणपत्र भरून देणारे कोण कोण असतात आणि कोणते काम कोणाकडे न्यावे?

मी शिवणकाम करते, म्हणून त्यातलाच दाखला देते. साडीला फॉल लावायचा तर आपण घरीच लावतो. ब्लाऊज शिवायचा तर शिंपिणीकडे देतो. आणि आजीच्या शालूची जर उसवली तर ती शिंपिणीकडेही देत नाही. चांगला रफूगार शोधतो. तिन्ही कामे सुई-दोऱ्याचीच, पण हात निराळे. कराचेही तसेच आहे.

फॉल लावण्याजोगे काम म्हणजे नुसता पगार किंवा निवृत्तिवेतन आणि बँकेचे व्याज. यासाठी 'सहज' नावाचा साधा नमुना आहे. आयकर खात्याच्या संकेतस्थळावर तो फुकट भरता येतो. पगार, व्याज आणि कापलेला कर यांचे आकडे त्यात पुष्कळसे आधीच भरून आलेले असतात. आपण ते फॉर्म १६ शी आणि बँकेच्या दाखल्याशी ताडून पाहायचे. घरातला कॉलेजात जाणारा मुलगा किंवा मुलगी शेजारी बसली तर हे काम एका दुपारात होते. यासाठी कोणाला हजार-दोन हजार रुपये देण्याची गरज नाही. आपल्यातल्या पंचाहत्तरी ओलांडलेल्या आजींसाठी तर याहून सोपी सोय एप्रिल २०२१ पासून आहे. सरकारने ठरविलेल्या बँकेत निवृत्तिवेतन येत असेल, आणि त्याखेरीज त्याच बँकेचे व्याज एवढेच उत्पन्न असेल, तर बँकेला घोषणापत्र द्यायचे. बँकच हिशेब करून कर कापते आणि विवरणपत्र भरावे लागत नाही. ही सोय असूनही काही आजी वर्षानुवर्षे फी भरीत आहेत, म्हणून मुद्दाम सांगितले.

यानंतर येतात कर सल्लागार. गावोगाव, पेठेपेठेत यांच्या पाट्या दिसतात. यांत वाणिज्य शाखेचे पदवीधर असतात, जुन्या विक्रीकराच्या काळापासून काम करणारे अनुभवी लोक असतात, आणि काल पाटी लावलेलेही असतात. दुसऱ्याचे विवरणपत्र नुसते भरून देण्यासाठी सनद लागत नाही, त्यामुळे पाटी कोणीही लावू शकतो. मात्र आपल्या वतीने आयकर अधिकाऱ्यापुढे उभे राहायचे असेल, तर कोण उभे राहू शकतो हे कायद्याने ठरविलेले आहे: जवळचा नातेवाईक, वकील, लेखापाल, किंवा ठरावीक शिक्षण व पात्रता असलेली व्यक्ती. भरणे निराळे आणि उभे राहणे निराळे, हा फरक लक्षात ठेवा. सरकारनेही २००६ साली पदवीधर तरुणांना शिकवून लोकांची विवरणपत्रे भरून देण्याची एक योजना काढली होती. पण लेखापरीक्षण लागणाऱ्यांची कामे त्यांच्याकडे दिली नव्हती. साधे काम आणि जड काम यांची वाटणी सरकारनेच तेथे करून दाखविली होती.

चांगला कर सल्लागार हा मोठा आधार असतो. डबे देणाऱ्या, पापड-मसाले करणाऱ्या, शिकवण्या घेणाऱ्या भगिनींचे उत्पन्न कर लागण्याइतके होऊ लागले, की अशांकडे जावे. लहान धंद्याला सरसकट हिशेबाची सवलत आहे. उलाढाल २ कोटींच्या आत असेल तर रोखीच्या विक्रीवर किमान ८ टक्के आणि बँकेतून आलेल्या पैशांवर किमान ६ टक्के नफा धरून विवरणपत्र भरता येते. त्या नमुन्याचे नाव 'सुगम'. वह्या-खतावण्यांचे ओझे राहत नाही. पण आपल्याला ही सवलत घ्यावी की न घ्यावी, आणि एकदा घेतल्यावर पुढे काय बंधने येतात, हे जाणत्यालाच विचारावे.

तिसरे म्हणजे सनदी लेखापाल, ज्यांना आपण सीए म्हणतो. त्यांची संस्था १९४९ च्या कायद्याने स्थापन झाली. कठीण परीक्षा आणि उमेदवारी पुरी केल्याशिवाय कोणाला ते नाव लावता येत नाही. धंद्याची उलाढाल १ कोटीच्या वर गेली, किंवा रोखीचे व्यवहार पाच टक्क्यांच्या आत असतील तर १० कोटींच्या वर गेली, किंवा व्यवसायातील जमा ५० लाखांच्या वर गेली, की कराचे लेखापरीक्षण करावे लागते. ते फक्त सीएच करू शकतो. सीएचा मोठा गुण असा की, त्याच्यावर त्याच्या संस्थेचे नियंत्रण असते. त्याने गैर वागणूक केली तर संस्थेकडे तक्रार करता येते. काही नेमके अपवाद सोडले तर टक्केवारीवर किंवा कामाच्या फळावर अवलंबून असलेली फी घेणे, हे त्यांच्या कायद्याने गैरवर्तन ठरविले आहे. त्यांच्या सभासद क्रमांकाची चौकशी संस्थेकडे करता येते. २०१९ पासून त्यांनी सही केलेल्या प्रत्येक दाखल्यावर १८ आकडी क्रमांक असतो आणि तो संस्थेच्या संकेतस्थळावर कोणालाही पडताळता येतो. कर्जासाठी किंवा परदेशी जाणाऱ्या मुलासाठी उत्पन्नाचा दाखला घ्याल, तेव्हा हा क्रमांक अवश्य पाहा.

चौथे वकील. नोटीस आली, भांडण वाढले, अपील करायचे झाले, तर कर कायद्याचा वकील पाहावा. अपिलाच्या न्यायाधिकरणापर्यंत सीएसुद्धा आपली बाजू मांडू शकतो. उच्च न्यायालयात मात्र वकीलच लागतो. आपल्यापैकी बहुतेकींवर ती वेळ येणार नाही. पण साध्या विवरणपत्रासाठी वकिलाकडे जाऊ नये, तसेच नोटीस आल्यावर सायबर कॅफेत जाऊ नये.

हल्ली संगणकावर आणि मोबाईलवर विवरणपत्र भरून देणाऱ्या कंपन्याही निघाल्या आहेत. साध्या कामाला त्या सोयीच्या आहेत. पण आपण जे सांगू तेवढेच यंत्र लिहिते. 'बाई, तुम्ही माहेरच्या घराचे सांगायला विसरलात का?' असे ते सहसा विचारीत नाही.

माहेरच्या घराचे नाव निघाले म्हणून माझ्याच अनुभवातले थोडे सांगते. आमच्या वडिलांचे जुने घर आम्ही भावंडांनी २०२४ च्या दिवाळीनंतर विकले. माझा वाटा मला मिळाला. प्रथम ज्यांच्याकडे गेले ते म्हणाले, "तुम्ही कोठे नोकरी करता? बायकांच्या नावाचे दाखवायची गरज नाही." हे ऐकूनच मी उठले. रक्कम बँकेत आलेली, दस्त नोंदविलेला, माझा पॅन क्रमांक त्यावर लिहिलेला, मग ते लपणार कसे? खात्याकडे प्रत्येकाचे वार्षिक माहितीपत्रक तयार असते. ठेवींचे व्याज, शेअर, घरांचे व्यवहार असे पुष्कळ काही त्यात आपोआप येते. ते आपल्यालाही संकेतस्थळावर पाहता येते.

मग मी एका सीएबाईंकडे गेले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो वडिलांनी घर केव्हा बांधले, हा. जुन्या घराची १ एप्रिल २००१ रोजीची किंमत धरता येते आणि त्यासाठी नोंदणीकृत मूल्यांककाचा अहवाल घ्यावा, हे त्यांनी सांगितले. पुढचे त्यांनी कागदावर मांडून दाखविले, ते तुम्हांला सोप्या आकड्यांत सांगते. समजा वाटा १२ लाखांचा आणि त्या वाट्याची २००१ ची किंमत २ लाख. २३ जुलै २०२४ पासूनच्या नव्या रीतीने महागाईची वाढ न धरता नफा १० लाख, आणि त्यावर साडेबारा टक्क्यांनी कर १,२५,००० रुपये. जुन्या रीतीने २ लाखांवर महागाईची वाढ धरली की त्यांचे ७,२६,००० होतात. नफा उरतो ४,७४,०००, आणि त्यावर २० टक्क्यांनी कर ९४,८००. त्या तारखेपूर्वी मिळालेल्या घरासाठी दोहोंपैकी कमी असेल तोच कर भरावा, अशी मुभा आहे. फरक ३०,२०० रुपयांचा! शिवाय माझे बाकीचे उत्पन्न थोडे असल्यामुळे मूळ सूट-मर्यादेचा उरलेला भागही त्या नफ्यातून वजा झाला. सीएबाईंची फी ४,००० रुपये होती आणि ती त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितली होती. पहिल्या गृहस्थांनी फी काहीच मागितली नसती. तरी महाग कोण पडले असते, ते तुम्हीच ठरवा.

सांगायचे एवढेच की, सीए तेवढे चांगले आणि कर सल्लागार तेवढे वाईट, असे मुळीच नाही. वहिनींचा घोळ कर सल्लागारांनीच निस्तरला आणि तो प्रामाणिकपणे निस्तरला. आपले काम किती गुंत्याचे आहे ते आधी ओळखावे, मग माणूस ओळखावा. घर किंवा जमीन विकणे, शेअरची बरीच खरेदी-विक्री, परदेशातील उत्पन्न, वाढलेला धंदा, मृत माणसाच्या नावाचे विवरणपत्र, ही गुंत्याची कामे. बाकीची साधी.

माणूस ओळखण्यासाठी मी काही प्रश्न मनाशी ठरविले आहेत. ते तुम्हीही लिहून घ्या.

पहिला, आपले शिक्षण काय आणि नोंदणी कोणती? चांगला माणूस या प्रश्नाने रागावत नाही.

दुसरा, फी किती आणि ती कशावर ठरते? कामावर ठरत असेल तर ठीक. परताव्यात हिस्सा मागितला की नमस्कार करून उठावे. परतावा जितका फुगेल तितका त्यांचा लाभ, मग आकडे फुगविण्याचा मोह त्यांना होणारच.

तिसरा, कोणते कागद आणू? पावत्या मागणारा माणूस कटकटीचा वाटतो, पण तोच खरा. 'कागदाची गरज नाही, मी बघतो' म्हणणाऱ्यापासून सावध राहावे.

चौथा, विवरणपत्रावर मोबाईल आणि ई-मेल कोणाचा? तो आपलाच हवा. परवलीचा शब्दही आपल्याजवळ हवा. परतावा आपल्याच नावाच्या, पडताळलेल्या बँक खात्यात येतो. दुसऱ्याचे खाते देण्याची गोष्ट निघाली की तेथेच थांबावे.

पाचवा, उद्या काही विचारणा झाली तर आपण असाल का? जुलैत टेबल मांडून ऑगस्टात उठणाऱ्याचा काय उपयोग?

सहावा प्रश्न विचारायचा नाही, पाहायचा आहे. आपण एखादी आडवाट सुचविली तर तो 'नाही' म्हणतो का? आपल्यात पुष्कळांची समजूत आहे की, यजमानांनी बायकोच्या नावावर ठेव ठेवली की व्याजावरचा कर वाचतो. कायद्याने ते व्याज यजमानांच्याच उत्पन्नात धरले जाते. हे तोंडावर सांगणारा माणूस आपल्या हिताचा असतो.

आता शेवटचे आणि सर्वांत महत्त्वाचे. विवरणपत्र भरून झाले की ३० दिवसांच्या आत ते पडताळावे लागते. पुष्कळदा ते आधारवर आलेल्या ओटीपीने होते. फोन येतो, "ताई, एक नंबर आलाय, तो सांगा." आपण पोळी लाटता लाटता तो सांगून टाकतो. भगिनींनो, तो नंबर सांगणे म्हणजे सही करणे आहे. आपण कोऱ्या कागदावर सही करू का? म्हणून आधी भरलेले विवरणपत्र मागावे. सगळे कळले नाही तरी चार गोष्टी पाहता येतात: आपले नाव व खाते क्रमांक, एकूण उत्पन्न, वजावटींची यादी, आणि परतावा किंवा देणे. यादीत न दिलेली देणगी, न काढलेला विमा, न भरलेले भाडे दिसले तर विचारावे, आणि समाधान झाल्यावरच नंबर सांगावा. मग पोचपावतीची प्रत घेऊन फाईलला लावावी. पाने भरणारे कोणीही असो, खरेखोटेपणाची जबाबदारी कायद्याने आपलीच आहे. पैसे देऊन आपण त्यांची मेहनत विकत घेतो. जबाबदारी विकता येत नाही.

माझी मंडळाला एक सूचना आहे. दर जूनमध्ये एक दुपार या कामासाठी राखून ठेवावी. फॉर्म १६ बहुतेक नोकरदारांना १५ जूनपर्यंत मिळतो. त्या सुमारास आपण सगळ्याजणी आपापली फाईल घेऊन येथे जमू. कोणाचे काम घरी होण्याजोगे, कोणी कर सल्लागाराकडे जावे, कोणी सीएकडे जावे, हे आपसांत बोलून ठरवू. ज्यांच्या मुली संगणकावर हुशार आहेत त्यांनी त्यांना बरोबर आणावे. ज्यांचा कर सल्लागाराचा अनुभव चांगला आहे त्यांनी तो सांगावा, वाईट असेल तर तोही सांगावा. हळदी-कुंकवाला आपण वाण देतो तसेच हे अनुभवाचे वाण समजावे.

 कार्यक्रम संपल्यावर ज्यांना ते सहा प्रश्न पुन्हा लिहून हवे असतील त्यांनी माझ्याकडे यावे. मी कागद आणि पेन बरोबर आणले आहे. एवढे बोलून मी माझे चार शब्द पुरे करते.